पंचवीस मीटर उजेडाचा हिशेब

वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातल्या धनज आणि आसपासच्या गावांत आजही एमएच ३० क्रमांकाच्या गाड्या दिसतात. हा क्रमांक अकोल्याचा. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला आणि आता इथल्या गाड्यांवर एमएच ३७ असते. म्हणजे गावातल्या गाडीवर ३० चा आकडा असेल तर ती एक तर जिल्हा होण्याआधीची असते, नाही तर अकोल्याकडून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेली. मारुती ८००, ओम्नी, कमांडर जीप अशी ही वाहने कोणी हौसेखातर सांभाळलेली नाहीत. दवाखाना, बाजार समिती, लग्नकार्य, मुलांच्या परीक्षा या सगळ्यांचा भार त्यांच्यावर आहे. मारुती ८०० चे उत्पादनच २०१४ मध्ये थांबले. त्यामुळे त्यातली सर्वांत नवी गाडीसुद्धा आता वयस्क झाली आहे. दिवाळी सरून थंडी पडू लागली की या गाड्यांचे मालक सुटे भाग विकणाऱ्या दुकानात जाऊन ‘पिवळे लाईट’ मागतात. मागणी योग्य आहे. जुन्या गाडीला फॉग लॅम्प असलेच पाहिजेत, असे माझेही मत आहे. पण दुकानात विकला जाणारा समज आणि या दिव्याचे खरे काम यांत मोठे अंतर आहे. फॉग लॅम्प हा जास्त उजेडाचा दिवा नाही. तो आखूड, बुटका आणि बेताचा उजेड देणारा दिवा आहे. तो तसाच बसवला, जबाबदारीने जोडला आणि धुक्यापुरताच लावला, तर जीव वाचवतो. नाही तर तो न लावलेला बरा.

आपल्याकडचे धुके दिल्ली-पंजाबसारखे आठवडेच्या आठवडे मुक्काम करत नाही, हे खरे. पण म्हणून ते कमी धोक्याचे ठरत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात आकाश निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि रात्री जमीन भराभर निवते. त्यात गहू-हरभऱ्याला पाणी दिलेली वावरे ओली असतात. पहाटे नाल्याकाठी, तलावाच्या पाळीला, खोलगट भागात धुई साचते. तुरीच्या फुलोऱ्यावर येणाऱ्या या धुवारीला कास्तकार घाबरतो. गाडीवाल्यानेही तिला घाबरावे अशी तिची रीत आहे, कारण ती तुकड्यातुकड्यांनी येते. दोन किलोमीटर रस्ता स्वच्छ असतो आणि पुलाच्या उतारावर अचानक बोनेटपलीकडे काही दिसेनासे होते. हवामान खात्याच्या व्याख्येनुसार दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुके, दोनशे मीटरच्या आत आली की दाट आणि पन्नास मीटरच्याही आत आली की अतिदाट. उतारावरच्या त्या पट्ट्यात आपण काही सेकंदांत स्वच्छ हवेतून दाट धुक्यात शिरतो. आणि त्या धुक्यात एकटे आपणच नसतो. कापसाची बंडी असते, मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते, पहाटे फिरायला निघालेली माणसे असतात. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य याच तालुक्यात आहे. काळवीट, रोही आणि रानडुकरे रस्त्याच्या कडेने येतात आणि क्षणात आडवी होतात.

अशा वेळी हात आपसूक अप्परकडे जातो आणि पहिली चूक तिथेच होते. धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब. हेडलाईटचा वरचा झोत त्यांच्यावर पडला की उजेडाचा मोठा भाग परत आपल्याच डोळ्यांकडे फिरतो. रस्ता उजळण्याऐवजी समोर पांढरी भिंत उभी राहते आणि बल्ब जितका जोरदार तितकी ती भिंत जाड दिसते. फॉग लॅम्पची रचना या एकाच अडचणीवर केलेली आहे. त्याचा झोत रुंद आणि चपटा असतो आणि वरच्या बाजूला चाकूने कापल्यासारखा सरळ संपतो. त्या रेषेच्या वर उजेड जवळजवळ नसतोच. दिवा बंपरच्या पातळीला, म्हणजे चालकाच्या नजरेपेक्षा बराच खाली असतो. त्यामुळे नजर आणि झोत वेगवेगळ्या थरांतून जातात आणि डोळ्यांसमोरच्या धुक्यावर उजेड कमी पडतो. आंतरराष्ट्रीय नियमांत मोटारीच्या पुढच्या फॉग लॅम्पची उंची जमिनीपासून किमान २५ आणि कमाल ८० सेंटिमीटर सांगितली आहे, ती यामुळेच. हाच दिवा छतावरच्या कॅरियरवर किंवा बोनेटसमोरच्या उंच गार्डवर बसवला तर त्याचे नाव फॉग लॅम्प राहते, गुण राहत नाही.

आता थोडा हिशेब मांडू, कारण या विषयाचे सार त्यातच आहे. दिवा जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर आहे आणि त्याचा झोत नेहमीच्या पद्धतीप्रमाणे दोन टक्के खाली झुकवला आहे असे धरा. म्हणजे दर दहा मीटरला झोताची वरची कड २० सेंटिमीटर खाली येणार. ती जमिनीला टेकते पंचवीस मीटरवर. नीट बसवलेल्या फॉग लॅम्पची पोच साधारण एवढीच आहे. आता गाडी थांबायला लागणारे अंतर पाहा. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद जातो असे धरू. दवाने ओलसर झालेला रस्ता आणि जुन्या गाडीचे ब्रेक-टायर लक्षात घेऊन वेग दर सेकंदाला सेकंदी पाच मीटरने कमी होतो असे धरू. ताशी ८० किलोमीटरला गाडी सुमारे ८३ मीटरवर थांबेल, ६० ला ५३ मीटरवर, ४० ला २९ मीटरवर आणि ३५ ला २४ मीटरवर. म्हणजे दाट धुक्यात हा दिवा ताशी ३५ च्या आतल्या गाडीलाच खरी साथ देतो. फॉग लॅम्प लावले की लोक बेफिकीर होऊन वेग वाढवतात, असा एक आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. पण दोष दिव्याच्या अंगी नसून त्याच्याबद्दलच्या अपेक्षेत आहे. हा दिवा लांबचे दाखवण्यासाठी नाहीच. रस्त्याची कड, साइडपट्टी, पुलाचा कठडा आणि कडेला उभे असलेले जनावर जवळून दाखवण्यासाठी तो आहे. गाडी हळू चालवणाऱ्यालाच त्याचा उपयोग होतो.

दुसरा समज रंगाचा. पिवळा उजेड धुके फोडतो, असे दुकानदार सांगतात आणि घेणाराही मानतो. आकाश निळे आणि मावळता सूर्य तांबडा दिसतो, कारण हवेचे रेणू प्रकाशलहरीपेक्षा फार लहान असतात आणि निळा रंग जास्त विखुरतात. धुक्याचा थेंब मात्र प्रकाशलहरीच्या कितीतरी पट मोठा असतो. तो सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. धुके पांढरे दिसते, हाच त्याचा पुरावा. फ्रान्सने १९३६ मध्ये मोटारींना पिवळे हेडलाईट सक्तीचे केले होते. १९९३ मध्ये ती सक्ती संपली आणि पांढऱ्या दिव्यांनी तिथल्या रस्त्यांचे काही बिघडले नाही. पिवळ्या उजेडाचा एक लाभ मात्र मान्य केला पाहिजे. निळसर पांढऱ्या झगमगाटापेक्षा तो डोळ्यांना सौम्य वाटतो आणि थकवा कमी येतो. म्हणून पिवळी काच घ्यायला हरकत नाही, पण कापलेल्या झोताची जागा ती घेऊ शकत नाही. खरा धोका आहे तो लखलखीत एलईडी बारचा आणि हॅलोजनच्या घरात कोंबलेल्या एलईडी बल्बचा. दिव्याच्या आतला आरसा त्या एका बल्बच्या तारेची नेमकी जागा धरून घडवलेला असतो. तार दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी झोत विस्कटतो. मग उजेड खूप दिसतो, पण तो समोरच्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांत जातो. क्षणभर आंधळा झालेला तो माणूस ज्या रस्त्यावर आहे त्याच रस्त्यावर आपण आहोत, एवढे तरी लक्षात ठेवावे.

आता वायरिंगकडे येऊ, कारण जुन्या गाडीची खरी दुखरी नस तीच आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून स्टिअरिंगजवळच्या बटणात, तिथून डिपरमध्ये आणि मग बारीक वायरीने दिव्यापर्यंत येतो. वीस-पंचवीस वर्षांत बटणाचे संपर्कबिंदू काळे पडतात, वायरीचे आवरण कडक होऊन तडकते, बॉडीचा अर्थ गंजतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १३.८ व्होल्ट आणि बल्बच्या होल्डरवर १२.४ व्होल्ट असे मल्टिमीटर दाखवत असेल, तर वाटेतच दहा टक्के व्होल्टेज गळाले. हॅलोजनचा स्वभाव असा की व्होल्टेज दहा टक्के उतरले की उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. गाडीचे दिवे म्हातारे झाले असे मालकाला वाटते, प्रत्यक्षात वायर म्हातारी झालेली असते. म्हणून माझा आग्रह आहे की फॉग लॅम्प विकत घेण्याआधी आहेत त्या हेडलाईटची वायरिंग, अर्थ आणि काच दुरुस्त करावी. धुके वर्षातून थोडे दिवस पडते, अंधार मात्र रोज पडतो. या दुरुस्तीवर झालेला खर्च बारा महिने कामी येतो.

त्यानंतर फॉग लॅम्प जोडायचे. इथे सर्रास होणारी चूक म्हणजे हेडलाईटच्याच वायरीला टोचा मारून नवे दिवे जोडणे आणि वर टेप गुंडाळणे. ५५ वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टला साडेचार अँपिअरहून अधिक करंट ओढतो. जोडीचा करंट नऊ अँपिअरवर जातो. आधीच थकलेल्या वायरीवर आणि बटणावर हा दुप्पट भार पडला की आधी उजेड मंदावतो, मग वायर तापते आणि शेवटी डॅशबोर्डखालून जळका वास येतो. योग्य पद्धत अवघड नाही. चार पायांचा साधा रिले घ्यावा. त्याच्या ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीवरून थेट जाड वायर यावी आणि त्या वायरीवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत पंधरा अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूज दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडते. ती कुठे पत्र्याला घासली की बॅटरीतला शेकडो अँपिअर करंट तिच्यातून वाहू शकतो आणि तो तोडणारे वाटेत काहीच नसते. ८७ क्रमांकाच्या पायावरून अडीच चौरस मिलिमीटरची वायर दोन्ही दिव्यांकडे न्यावी. ८५ आणि ८६ हे पाय रिले चालू-बंद करण्याचे. तिथे अगदी थोडा करंट लागतो, म्हणून आतल्या बटणापर्यंत बारीक वायर पुरते. वायर इंजिनकडून आत जाते तिथे पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवे. अर्थ देताना बॉडीचा रंग खरवडून चकचकीत धातूवर लग घट्ट बसवावा. यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. बटणाचा करंट पार्किंग लाईटच्या वायरीवरून घ्यावा. म्हणजे मागचे लाल दिवे लागलेले नसताना फॉग लॅम्प लागूच शकणार नाहीत आणि पार्किंग लाईट बंद केल्यावर ते चुकून जळत राहून बॅटरी उतरवणार नाहीत.

जास्त वॅटचा बल्ब लावला तर काय बिघडले, असे विचारले जाते. शंभर वॅटच्या जोडीला जवळजवळ सतरा अँपिअर लागतात. धुक्यात गाडी हळू चालते, इंजिनचे फेरे कमी असतात आणि जुना अल्टरनेटर, त्याहून जुन्या गाडीत तर डायनामो, नेमका तेव्हाच कमी वीज देतो. शिवाय हेडलाईट, वायपर आणि काचेवरचे दव घालवणारा पंखा चालू असतो. बॅटरी उतरून गाडी धुक्यात बंद पडणे म्हणजे ज्या अपघाताला घाबरून दिवे लावले तोच आपणहून ओढवून घेणे. आणि जास्त वॅटचा उजेडही शेवटी धुक्यावरूनच परत फिरतो. ५५ वॅट पुरेसे आहेत, ते पूर्ण व्होल्टेजवर जळले पाहिजेत इतकेच.

खर्चाचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. सोयाबीनच्या भावाने पिचलेल्या घराला जुन्या गाडीवर पैसे घालणे जड जाते. पण टोचा मारून केलेली जोडणी आणि रिले-फ्यूजसह केलेली जोडणी यांत फरक काही शे रुपयांचा आणि कारागिराच्या तासा-दीड तासाचा असतो. त्यातूनही पैसे अपुरे पडत असतील तर फॉग लॅम्प राहू द्यावेत आणि आधी मागचे दिवे ठीक करावेत, असे मी म्हणेन. धुक्यात आपल्याला दिसणे जितके महत्त्वाचे तितकेच आपण दिसणे महत्त्वाचे. मागच्या साध्या लाल दिव्याचा बल्ब पाच वॅटचा असतो, ब्रेकचा आणि मागच्या फॉग लॅम्पचा एकवीस वॅटचा. जुन्या गाड्यांना मागचा फॉग लॅम्प नसतोच. उजव्या बाजूला एक लाल, एकवीस वॅटचा दिवा स्वतंत्र बटणावर जोडला तर मागून येणारा ट्रक आपल्याला कितीतरी आधी पाहील. धुके सरताच तो विझवलाच पाहिजे, कारण त्याच्या झगमगाटात ब्रेकचा दिवा ओळखू येत नाही. आणि ज्याच्याकडे बंडी किंवा ट्रॉली आहे त्याने मागे लाल परावर्तक पट्टी लावावी. तिला ना वायर लागते ना बॅटरी.

कायद्याची भीतीही काही जण बोलून दाखवतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०६ ची कसोटी पुढच्या प्रत्येक दिव्याला लागू आहे. दिव्यापासून आठ मीटर अंतरावर, उजव्या बाजूस अर्धा मीटर सरकून, दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, तो माणूस दिपता कामा नये. खाली झुकवलेला, वरून कापलेला झोत या कसोटीला उतरतो. उंच लावलेला एलईडी बार उतरत नाही. सर्चलाईटसारख्या दिव्यांना तर नियम १११ ने वेगळी मनाई आहे. हा नियम म्हणजे दंडाची पावती फाडायचे निमित्त नव्हे. समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या डोळ्यांची काळजी त्यात मीटरमध्ये मोजून लिहिली आहे, म्हणून तो मला मोलाचा वाटतो. समृद्धी महामार्गाने हा भाग नागपूर-मुंबईच्या वेगाला जोडला. मोटारींना ताशी १२० ची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर कारंजातून चढणारी जुनी गाडी तिच्या जुन्याच दिव्यांनिशी जाते. तिथे तिच्या दिव्यांची अवस्था ही केवळ मालकाची खासगी बाब उरत नाही.

म्हणून दोन मागण्या आहेत. दरवर्षी रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत सुरू होते, म्हणजे ऐन धुक्याच्या मोसमात. त्या काळात परिवहन विभागाने धनज, कामरगाव, कारंजा अशा ठिकाणी एखादी सपाट भिंत धरून दिव्यांचा झोत मोफत तपासून द्यावा. शंभर घोषणाफलकांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची फेरनोंदणी होते, तेव्हाही दिवा लागतो का एवढे पाहून थांबू नये, झोत कुठे पडतो ते पाहावे. दुसरी मागणी शासकीय आयटीआयकडे. गावातले गाडीचे वायरमन बहुतेक हाताने शिकलेले आहेत. त्यांचा हात चांगला असतो, पण रिले, फ्यूज आणि वायरीची जाडी यांचा हिशेब त्यांना कोणी बसून सांगितलेला नसतो. हिवाळ्याआधी दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले तर तालुकाभरच्या गाड्यांना त्याचा फायदा होईल.

तोवर वाचकांना एक विनंती. आज संध्याकाळी गाडी सपाट जागेवर, भिंतीसमोर दहा मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा आणि तिच्याखाली २० सेंटिमीटरवर दुसरी. फॉग लॅम्पच्या झोताची वरची कड या दुसऱ्या रेघेवर आली पाहिजे. ती पहिल्या रेघेच्या वर जात असेल, तर स्क्रू फिरवून झोत खाली आणा. या कामाला एक पाना, एक खडू आणि पंधरा मिनिटे पुरतात.